रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल : रीडिंग आपलंच असू द्या

बी.एस्सी.च्या कुठल्याही बॅचची जर्नल्स उघडून बघा. टायट्रेशनच्या तक्त्यात तीन रीडिंग आणि त्यापुढे सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, असा रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा १०.२, १०.२, १०.२ असे तीन सारखे आकडे दिसतात आणि पुढे पुन्हा १०.२. पायलट रीडिंग खरं घेतलेलं असतं, पहिलं रीडिंगही खरं असतं. दुसरं आणि तिसरं पुष्कळदा पेनानं घेतलेलं असतं, ब्युरेटनं नाही. वेळ संपत आलेला असतो, पुढच्या बॅचची मुलं दारात उभी असतात आणि शेजारच्या टेबलावर सगळ्यांचं १०.२ च आलेलं असतं.

कळस, लासुर्णे, निमगाव केतकी किंवा भवानीनगर परिसरातून एसटीनं बारामतीला वा इंदापूरला कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. बारावी सायन्सला असाल तर प्रॅक्टिकलला ३० गुण आहेत. बी.एस्सी.ला असाल तर प्रत्येक सत्रात प्रॅक्टिकलचे वेगळे गुण आहेत. पण मला गुणांबद्दल बोलायचं नाही. तीन तासांच्या प्रॅक्टिकलमधून तुमच्या हाती यायला हवी ती एकच गोष्ट : आपण काढलेल्या आकड्यावर आपला स्वतःचा किती विश्वास आहे, हे सांगता येणं. बाकी कौशल्यं, म्हणजे पिपेट धरणं, वजन करणं, जर्नल लिहिणं, व्हायवाला उत्तर देणं, ही सगळी याच एका गोष्टीसाठी आहेत.

हे मी कळसच्या मुलांना मुद्दाम का सांगतो, तर आपला भाग असा आहे की इथं रसायनशास्त्राचे आकडे रोज पैशात आणि निर्णयात बदलतात. वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना उभा केला. नंतर भवानीनगरचा छत्रपती, बारामती तालुक्यातले माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूरचा कर्मयोगी असे सहकारी कारखाने उभे राहिले. हंगामात यांच्या प्रयोगशाळांत चोवीस तास रसाचं ब्रिक्स (विरघळलेले एकूण घन पदार्थ) आणि पोल (त्यातली साखर) मोजलं जातं आणि त्यावर साखर उताऱ्याचा हिशेब बसतो. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफवर दर ठरतो, डेअरीत आम्लता बघितली जाते. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकरी माती आणि पाणी तपासायला घेऊन येतात आणि त्या अहवालावरून खताचा डोस ठरवतात. या ठिकाणी बसलेल्या माणसानं दुसरं आणि तिसरं रीडिंग पेनानं घेतलं, तर त्याची किंमत कुठल्या तरी कुटुंबाला मोजावी लागते. तुमच्यापैकी काही जण उद्या त्याच खुर्चीवर लॅब केमिस्ट म्हणून बसणार आहेत.

आता कामाला लागू. प्रॅक्टिकल आदल्या संध्याकाळी सुरू होतं. मॅन्युअलमधली कृती वहीत उतरवून काढणं ही तयारी नव्हे, तो नुसता हाताला व्यायाम होतो. कृती एकदा वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या पानावर चारच गोष्टी लिहून बघा : ब्युरेटमध्ये काय, फ्लास्कमध्ये काय, इंडिकेटर कोणता आणि रंग कशातून कशात जाणार. मग अभिक्रियेचं समीकरण लिहा आणि साधारण किती मिलिलिटर लागायला हवं याचा अंदाज काढा. हा अंदाज फार उपयोगी पडतो. दहाच्या आसपास अपेक्षा असताना तीनलाच रंग बदलला, तर टेबलावर उभं असतानाच कळतं की द्रावणाची बाटली बदलली आहे किंवा पिपेट चुकीची उचलली आहे. अंदाज न काढता गेलेल्या मुलाला ते जर्नल तपासताना कळतं, तेही सरांनी सांगितल्यावर.

अंदाज आणि उत्तर यांत मात्र गल्लत करू नका. अंदाज आधी काढायचा, पण रीडिंग त्याच्याकडे ओढायचं नाही.

वजन करताना मुलं एका ठिकाणी हमखास वेळ घालवतात. समजा, ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिडचं २५० मिलिलिटर द्रावण करायचं आहे. हिशेबानं सुमारे १.५७६ ग्रॅम लागतं. मग तराजूवर नेमके १.५७६० आणण्यासाठी चिमूटभर टाक, चिमूटभर काढ असा खेळ चालतो. काढलेली चिमूट परत बाटलीत जाते आणि बाटली खराब होते. याची काहीच गरज नसते. १.५७ च्या जवळपास घ्या आणि तराजूनं जो आकडा दाखवला तो चारही दशांशांसह लिहा. १.५८२३ ग्रॅम भरलं तर तुमचं द्रावण ०.१००४ नॉर्मल आहे, आणि पुढच्या गणितात हाच आकडा वापरायचा. बाटलीवरच्या लेबलात ‘०.१ एन’ न लिहिता ‘०.१००४ एन’ लिहिणारा विद्यार्थी मला नेहमी आवडतो, कारण आपण काय केलं ते त्याला ठाऊक असतं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाबतीत हे जमत नाही. तो हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्यामुळे तराजूवरचा आकडा वाचेपर्यंतच जुना होतो. म्हणून आधी ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण वजनावरून पक्कं करायचं आणि त्याच्या आधारानं सोडियम हायड्रॉक्साइडची तीव्रता टायट्रेशननं काढायची. ‘स्टँडर्डायझेशन का करतो?’ या व्हायवातल्या प्रश्नाचं उत्तर इतकंच आहे.

ब्युरेट आणि पिपेट ज्या द्रावणानं भरायची, त्याच द्रावणानं आधी खळबळून घ्यायची. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरनं. फ्लास्क द्रावणानं धुतला तर पिपेटनं मोजून टाकलेल्या मापापेक्षा जास्त पदार्थ आत राहतो, पाण्यानं धुतला तर पदार्थाचं प्रमाण बदलत नाही. ब्युरेट भरल्यावर वरचं फनेल काढून ठेवा, कारण त्यातून ओघळलेला एखादा थेंब रीडिंग खाऊन टाकतो. तोटीखालच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना, हे बघा. पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून पाडू नका, टोक फ्लास्कच्या काचेला टेकवून थोडं थांबा. तेवढा थेंब आत राहील हे धरूनच पिपेटचं माप आखलेलं असतं. डोळा द्रावणाच्या पातळीत ठेवा आणि बिनरंगी द्रावणाची खालची कड वाचा. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणाची खालची कड दिसत नाही, तेव्हा वरची कड वाचा, पण सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोन्ही रीडिंग वरच्याच कडेची घ्या.

एंड पॉइंटजवळ हात आवरता यायला हवा. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग एका थेंबात येतो आणि अर्ध्या मिनिटानं फिका पडतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड आत विरघळतो. म्हणून फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. गडद गुलाबीपर्यंत गेलात तर पुढे गेलात. मागे फिरायला वाट नसते, ते रीडिंग तसंच लिहायचं, शेजारी ‘पुढे गेलं’ असा शेरा मारायचा आणि नवीन घ्यायचं.

आता त्या तीन सारख्या आकड्यांकडे वळू. १०.२०, १०.१५, १०.२० ही रीडिंग १०.२, १०.२, १०.२ पेक्षा चांगली आहेत. हाताला, डोळ्याला आणि ब्युरेटला जेवढी मर्यादा आहे तेवढा फरक त्यांत दिसतो. ०.१ मिलिलिटरच्या आत बसणारी किमान दोन रीडिंग येईपर्यंत टायट्रेशन करा आणि त्यांची सरासरी घ्या. १०.२, १०.६, १०.२ अशी आली तर मधलं खोडू नका. आधी कारण शोधा : फ्लास्क वेगळा होता का, इंडिकेटर जास्त पडला का, बुडबुडा सुटला का. कारण सापडलं तर ते लिहून रीडिंग बाजूला काढा. नाही सापडलं तर आणखी एक घ्या. वेळ नसेल तर दोनच खरी रीडिंग सादर करा. चांगला शिक्षक त्याचे गुण कापत नाही. कापले, तर ते सोसा.

हा फरक कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे समजून घ्यायला आपल्याकडचीच दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं दुधाचं. १० मिलिलिटर दूध, दोन-तीन थेंब फिनॉल्फथॅलिन, ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. जेवढे मिलिलिटर लागले त्यांना ०.०९ नं गुणलं की लॅक्टिक ॲसिडच्या हिशेबात टक्के आम्लता मिळते. ताज्या दुधाची आम्लता ०.१३ ते ०.१५ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ब्युरेटमधून जेमतेम दीड मिलिलिटर जातं. इथं एक थेंब जास्त पडला की तीन टक्क्यांहून जास्त चूक होते. एवढ्यानंही दूध ताजं की उतरू लागलेलं, याबद्दलचं मत हलू शकतं. अशा वेळी ५० ची ब्युरेट वापरण्यापेक्षा बारीक खुणांची १० ची ब्युरेट घ्यावी किंवा सोडियम हायड्रॉक्साइड पातळ करून वापरावं.

दुसरं पाण्याचं. बारामती-इंदापूरच्या कालव्याखालच्या पट्ट्यात अनेक विहिरींचं पाणी जड आहे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, मोटारीच्या पाइपात पांढरा थर बसतो. याची कठीणता मोजणं हे तुमच्या अभ्यासक्रमातलंच प्रॅक्टिकल आहे. ५० मिलिलिटर पाणी घ्या, अमोनियाचं बफर टाकून पीएच १० च्या आसपास आणा, एरिओक्रोम ब्लॅक टी टाका आणि ०.०१ मोलर ईडीटीएनं टायट्रेट करा. वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा यायला हवा. या तीव्रतेच्या ईडीटीएचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. म्हणून ५० मिलिलिटर पाण्याला २१.३ मिलिलिटर लागले, तर कठीणता लिटरला ४२६ मिलिग्रॅम. इथं एका थेंबाची चूक पाव टक्क्याच्या आत राहते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणता योग्य मानतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ४२६ आणि ४२७ मध्ये इथं काहीच अडत नाही. तोच थेंब, तीच ब्युरेट, पण दुधाला तो जड जातो आणि पाण्याला हलका. सापेक्ष चूक म्हणजे काय, हे यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही.

पाण्याचं हे प्रॅक्टिकल स्वतःच्या विहिरीवर किंवा बोअरवर करून बघा, आधी सरांची किंवा मॅडमची परवानगी घेऊन. नमुना घेण्याआधी मोटार थोडा वेळ चालू द्या, पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्या. बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळा, काठोकाठ भरा, बूच लावा आणि जागेवरच लेबल लिहा : कुठलं पाणी, कोणती तारीख, किती वाजता. प्रयोगशाळेत बफर टाकल्यावर टायट्रेशन पाच मिनिटांच्या आत उरका, कारण पीएच वाढल्यावर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागतं आणि रीडिंग कमी येतं. शेवटी शेवटी रंग हळू बदलतो, लालसर झाक पूर्ण जाईपर्यंत थेंब-थेंब टाका. पाणी फारच जड निघालं तर २५ मिलिलिटर घेऊन डिस्टिल्ड वॉटरनं ५० करा आणि गणितात ते विसरू नका. डिस्टिल्ड वॉटरचं एक ब्लँक रीडिंगही घ्या. वेळ असेल तर तेच पाणी चांगलं उकळून, गार करून, गाळून, जेवढं आटलं तेवढं डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा टायट्रेट करा. दोन्हींतला फरक म्हणजे तात्पुरती कठीणता. या बाबतीत पुस्तकात वाचलेली ओळ आणि घरच्या चुलीवरच्या पातेल्याचा पांढरा थर एकच आहेत.

मातीचं उदाहरण थोडं सविस्तर घेतो, कारण व्हायवाला पाठ केलेलं उत्तर शेतावर कसं उतरतं ते त्यात दिसतं. परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये सल्फ्युरिक ॲसिडच का वापरतो, हायड्रोक्लोरिक का नाही? तुम्ही सांगता की परमँगनेट क्लोराइडचं ऑक्सिडीकरण करतं आणि रीडिंग वाढतं. अगदी बरोबर. आता वॉकले-ब्लॅक पद्धत बघा. मातीतला सेंद्रिय कर्ब मोजण्यासाठी सहसा हीच पद्धत वापरतात. एक ग्रॅम मातीत १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट १० मिलिलिटर आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड २० मिलिलिटर टाकायचं, अर्धा तास ठेवायचं, मग पाणी आणि फॉस्फोरिक ॲसिड घालून, डायफिनिलअमाइन इंडिकेटरवर ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटनं उरलेलं डायक्रोमेट मोजायचं. आपल्या कालव्याखालच्या काही जमिनी क्षारपड आहेत, अतिपाण्यानं आणि निचरा नसल्यानं मीठ वर आलेल्या. त्या मातीतल्या क्लोराइडचंही हे मिश्रण ऑक्सिडीकरण करतं. परिणाम असा की कर्ब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि शेतकऱ्याला वाटतं, माझी जमीन बरी आहे. यावर उपाय म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडमध्ये आधीच सिल्व्हर सल्फेट विरघळवून घेणं, म्हणजे क्लोराइड सिल्व्हर क्लोराइड होऊन बाजूला बसतं. व्हायवातल्या एका ओळीचं उत्तर ज्याला समजलं आहे, तो कुठल्याही प्रयोगशाळेत बसून विचारू शकतो : या मातीची ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, किती होती? सिल्व्हर सल्फेट वापरलं होतं का?

आणि हो, त्या प्रयोगातलं क्रोमियम सिंकमध्ये ओतू नका. सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. वेगळ्या डब्यात साठवा, फेरस क्षारानं पूर्ण क्षपण करून मगच त्याची विल्हेवाट लावायला शिक्षकांकडे द्या.

भौतिक रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलचा मुलांना कंटाळा येतो. मिथाइल असिटेटचं जलअपघटन, दर दहा मिनिटांनी पाच मिलिलिटर काढा, बर्फाच्या पाण्यात टाका, टायट्रेट करा, आलेख काढा. बर्फाचं पाणी कशाला, हे फार थोड्यांना सांगता येतं. ते अभिक्रिया जागच्या जागी मंदावण्यासाठी असतं, नाहीतर टायट्रेशन चालू असतानाच ती पुढे सरकते. तुमच्या कॉलेजमध्ये पोलॅरिमीटर असेल तर साखरेचं आम्लातलं जलअपघटन करायला मिळेल. साखर ध्रुवीकृत प्रकाशाचं प्रतल उजवीकडे फिरवते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचं मिश्रण डावीकडे, म्हणून वेळेनुसार कोन उतरत शून्याखाली जातो. हीच अभिक्रिया, आम्लाऐवजी उसातल्याच इन्व्हर्टेज एन्झाइममुळे, तोडलेल्या उसात चालू असते. म्हणून ऊस तोडल्यापासून शक्यतो चोवीस तासांत गाळावा असं सांगतात, आणि उन्हात यार्डात ताटकळणाऱ्या गाड्यांमुळे उतारा घटतो. कारखान्यातला केमिस्ट रसाचं पोल ज्या पोलॅरिमीटरवर मोजतो, त्यामागचं तत्त्व तुमच्या प्रॅक्टिकलमधलंच. पोलला ब्रिक्सनं भागून शंभरानं गुणलं की शुद्धता मिळते. हा आकडा घसरला की ऊस शिळा झाल्याचा संशय घ्यावा.

बारावीच्या मुलांना सॉल्ट ॲनालिसिस छळतं. त्याबद्दल एकच सांगतो. जे दिसलं ते लिहा, अनुमान त्यापुढच्या रकान्यात. ‘क्लोराइड आहे’ हे निरीक्षण नव्हे, ‘सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर दह्यासारखा पांढरा अवक्षेप आला, अमोनियात विरघळला’ हे निरीक्षण आहे. आधी सॉल्ट ओळखायचं आणि मग निरीक्षणं रचायची, ही सवय एकदा लागली की पुढची पाच वर्षं जात नाही.

वहीबद्दल मी थोडा आग्रही आहे. रीडिंग हातावर, चिठ्ठीवर किंवा मोबाइलमध्ये टिपू नका. एक बांधीव कच्ची वही ठेवा, पानांवर नंबर टाका आणि पेननं लिहा. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर प्रयोगशाळेत नकोच. तारीख, बॅच, खोलीचं तापमान, बाटलीवरची तीव्रता आणि ब्युरेटवर नंबर असेल तर तोही टिपा. जर्नल नंतर सुंदर लिहा, पण कच्ची वही फेकू नका. तीन महिन्यांनी उत्तर चुकलं असं वाटलं, तर कारण शोधायला तीच उपयोगी पडते.

सुरक्षेबद्दल कॉलेजच्या भिंतीवर पोस्टर असतं आणि ते कुणी वाचत नाही. मी फक्त तेवढंच लिहितो जे आपल्याकडे खरोखर घडतं. तोंडानं पिपेट ओढू नका, रबरी बल्ब मागून घ्या. कॉलेजकडे नसेल तर बॅचनं मिळून विकत घ्या, तो महाग नसतो. ओढणी पाठीमागे बांधा किंवा काढून ठेवा, केस बांधा, नायलॉनचे कपडे टाळून सुती घाला, चपलेऐवजी पाय झाकणारे बूट घाला. चष्मा असला तरी वरून गॉगल लावा. सल्फ्युरिक ॲसिड पाण्यात सावकाश टाका, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. ईथर किंवा अल्कोहोल काढताना जवळचा बर्नर बंद. लॅसेन टेस्टचं सोडियम ओल्या चिमट्यानं उचलू नका आणि उरलेला तुकडा सिंकमध्ये टाकू नका. अंगावर किंवा डोळ्यात काही उडालं तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं धरा आणि मग डॉक्टरकडे न्या. टूथपेस्ट, हळद, खायचा सोडा यांतलं काहीही लावू नका. आणि लाजून लपवू नका, त्यानं जखम वाढते.

थिअरीच्या अभ्यासाचं थोडक्यात सांगतो. आपल्यातले बरेच जण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि बी.एस्सी.ला एकदम इंग्रजी पुस्तकं समोर येतात. वाक्यं पाठ करण्याचा मोह तिथूनच सुरू होतो. एखादी संकल्पना आधी मोठ्यानं, आपल्या बोलीत, घरातल्या कुणाला तरी समजावून सांगा. आईला किंवा धाकट्या भावाला बफर म्हणजे काय ते सांगता आलं, तर इंग्रजीत पाच ओळी लिहिणं जमतं. नाही सांगता आलं तर इंग्रजीतल्या पाच ओळी पेपरात उतरतील, पण एक्स्टर्नलनं दुसरा प्रश्न विचारला की संपतील. सेंद्रिय रसायनाच्या मेकॅनिझम कोऱ्या पानावर, पुस्तक न बघता काढा. अडलं तिथं थांबा, फक्त तेवढी पायरी बघा, पान फाडा आणि पुन्हा पहिल्यापासून काढा. दहा वेळा वाचण्यापेक्षा तीन वेळा असं काढणं जास्त टिकतं. मोलचं एक गणित रोज, न चुकता, आणि एककं लिहून. एककं जुळली नाहीत तर उत्तर चूक आहे, हे कॅल्क्युलेटरच्या आधी कळतं.

एसटीतला वेळ वाया जातो असं मुलं म्हणतात. त्या वेळात गणितं होत नाहीत, मान्य. पण सकाळी झालेल्या प्रॅक्टिकलचा एक एक टप्पा आठवून प्रत्येकापुढे ‘का?’ लावता येतं. का बर्फ? का ६० ते ७० अंशांपर्यंत गरम केलं? का पांढरी टाइल? जिथं उत्तर सापडत नाही ते प्रश्न दुसऱ्या दिवशी सरांना विचारा. व्हायवाची एवढी तयारी पुरते.

साधनं कमी आहेत, आमच्या कॉलेजात मोठी उपकरणं नाहीत, ही तक्रार खोटी नाही. पण कमला सोहोनी यांचं उदाहरण बघा. १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला, मग सी. व्ही. रामन यांनी एक वर्ष काम पारखून बघण्याच्या अटीवर घेतलं. त्यांनी तिथं काम केलं ते दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर. केंब्रिजला गेल्यावर बटाट्यावर काम करून वनस्पतींमधलं सायटोक्रोम सी शोधलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नीरेवर संशोधन केलं. दूध, डाळ, बटाटा, नीरा. यातली कुठली गोष्ट कळसला मिळत नाही?

म्हणून एक विनंती. पुढच्या टायट्रेशनला कच्च्या वहीत तीन खरी रीडिंग लिहा, ती वेगवेगळी आली तरी चालतील. आणि कारखान्याची धुराडी पेटायच्या आत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, तुमच्या विहिरीचं पाणी एका लेबल लावलेल्या बाटलीत कॉलेजला घेऊन जा. त्याची कठीणता काढा आणि घरी येऊन सांगा. आकडा विचारल्यावर ‘साधारण इतका, थोडा इकडे-तिकडे’ असं सांगता आलं पाहिजे, आणि तो ‘थोडा’ म्हणजे नेमका किती, हेही.